रिकाम्या गाडीचं वजन

जालन्यात, एमआयडीसीच्या मागल्या गेटाशी
माझा साठ टनांचा काटा.
भंगार भरून ट्रक येतात, सळ्या भरून जातात.
मी खिडकीतून ओरडतो,
ड्रायव्हर, किन्नर, खाली उतरा,
माणसाचं वजन मालात धरत नाहीत.

सोळाव्या वर्षी गालगुंड झालं.
आईनं गालाला लेप लावला.
खाली काय सुजलं ते मी सांगितलं नाही,
पुढं तीस वर्षं नाही.
सिंधूच्या ओटीत बाया नारळ घालत राहिल्या,
कुणी अंगारा, कुणी गुरुवार,
मी पावत्या फाडत राहिलो.

मग न्हाणीत साधा घसरलो अन् मनगट मोडलं.
हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता विचारलं,
विश्वंभरराव, दाढी किती दिवसांनी करता?
सत्तेचाळिसाव्या वर्षी असा प्रश्न!
मी म्हणालो, पंधरा दिवसांनी. कामून?

तिथून सुया. दर तीन आठवड्यांनी एक.
सादिकभाई कुपी तळहातात धरून बसायचा,
थंड तेल फार ठणकतं म्हणायचा.
आणि खरंच, दुपारी तीनला मिटणारे डोळे
उघडे राहू लागले.
सायकलवर चढ चढलो मोतीबागेपर्यंत.
वाटलं, आता काय, झालं काम.

नवव्या महिन्यात तोंड तांबडंलाल.
कानात घूं.
सिंधू म्हणाली, घोरता घोरता तुम्ही मधीच थांबता,
मी अंधारात आकडे मोजते.
काल सव्वीसपर्यंत गेले.

डॉक्टर म्हणाले होते, चालू ठेवा.
मी चालू ठेवलं.
रक्त कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी नाही,
आणि मीही कधी म्हणालो नव्हतो, पाहा.

सुईच्या आदल्या दिवशी, उपाशीपोटी,
पदरच्या पैशानं लॅबात हात पुढं केला.
कागदावर हिमॅटोक्रिट पंचावन्न,
शेजारी ठळक एच.
पंचावन्न म्हणजे किती?
कशातून वजा करायचे?
वीस वर्षं काटा चालवणाऱ्या माणसानं
स्वतःची गाडी रिकामी तोललीच नव्हती.

रात्री ट्रंक उपसली.
लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या, सर्वांत खाली
हर्नियाच्या ऑपरेशनची पिवळी फाईल.
बेचाळीस.
मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, बेचाळीस.

डॉक्टरांपुढं वही सरकवली.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
हे तुम्ही काढलं?
माझंच रक्त आहे साहेब.
जरा वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, चूक माझी. हे मी आधी बघायला हवं होतं.
सुई थांबली. घोरण्यासाठी घाटीची चिठ्ठी मिळाली.
रक्त खाली आल्यावर पुन्हा सुरू,
डोस कमी, आणि तपासणीची तारीख
त्यांच्या आधी माझ्या वहीत.

वहीत आता रकाने आहेत:
तारीख, डावी की उजवी बाजू,
रक्त, पीएसए, दाब.
शेवटचा सिंधूचा. त्यात ती लिहिते,
'उगाच चिडले.'
'दोनदा भाजी मागितली.'
'रात्री थांबले नाहीत.'

शेजारच्या जिमातला पोरगा खिडकीशी येतो,
काका, एखादी कुपी द्या की.
म्हटलं, तुझी गाडी भरलेलीच आहे रे,
वर आणखी लादलं तर पाटे मोडतील.
तो हसला. मी हसलो नाही.

परवा पुतणीच्या पोराचं बारसं होतं, बदनापूरला.
पाळण्याची दोरी हातोहात फिरली,
सिंधूपाशी आली आणि
कुणीतरी हळूच पलीकडं नेली.
मी चपला घालून निघालो होतो, परत फिरलो.
म्हणालो, गालगुंड मला झालं होतं.
एवढंच.
आई पाटावरून बघत राहिली.
कुणाच्या तरी हातातल्या घुगऱ्या तशाच राहिल्या.

त्या दिवसाच्या रकान्यावर
सिंधूनं बराच वेळ पेन धरला
आणि तो कोरा सोडला.

मी खाली दुसऱ्या दिवसाचा दाब लिहिला:
एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी.