स्वल्प तडी

सात वाजता कल्लाप्पा घाडी रिक्षा घेऊन दारात.
टपावर भोंगा, सीटखाली बॅटरी,
मध्ये तो, तंबाखू मळत.
त्याला पेन ड्राइव्हवर जाहिरात हवी:
बंद पडलेल्या कारखान्यातली कौलं निघाली आहेत विकायला.
एकदा मराठीत, एकदा कन्नडात,
आणि गल्ली बघून क्रम फिरवायचा.
आधी कुठली भाषा, हे खानापुरात
विचारायचं नसतं, ओळखायचं असतं.

रात्रभर लाईट नव्हती. पहाटे आली.
मशीन उठलं. पडदा काळा, मग करडा,
मग माझ्या खिडक्या कडेला कड लावून:
डावीकडे आवाजाची लहर, उजवीकडे टर्मिनल,
तळाला तारीख-वेळेची चिंचोळी पट्टी.
एकही खिडकी दुसरीच्या अंगावर चढत नाही.
लिहून ठेवलं तेवढंच होतं इथं, जास्तीचं काही नाही,
म्हणून तर हे घेतलं होतं.

लहर हलत होती. शिवलीलाचा आवाज होता तिथं,
हिरवा, उंच-सखल, बैलहोंगलच्या हेलाचा.
खोलीत मात्र नुसता पंखा.

मिक्सर उघडला. कुठलीच पट्टी म्यूट नाही.
स्पीकरची वायर काढून फुंकर मारली.
(फुंकरीनं काही होत नाही. तरी मारली.)
आवाजाचा सर्व्हर हातानं बंद करून चालू केला
की बोलतं.
मशीन बंद करून चालू केलं
की मुकं.
म्हणजे गळा शाबूत आहे,
जागं होतानाच काहीतरी बिनसतंय.

नोंदी वाचल्या, मागून पुढे.
पाच बावन्न, सोळा सेकंद: सर्व्हर उठला,
साउंड कार्ड शोधलं, नव्हतं.
एकोणीस सेकंद: साउंड कार्ड हजर.
मधल्या तीन सेकंदांत त्यानं
मॉनिटरच्या केबलशी सोयरीक जमवली होती
आणि तेव्हापासून सगळं तिकडंच ओतत होता.
त्या मॉनिटरला स्पीकर नाही.

"काय करालीस गे अजून?" खिडकीतून कल्लाप्पा.
जमेल तसं सांगितलं.
गावात स्लॅब यायच्या आधी
पंधरा वर्षं शाकारणी केलेला माणूस.
म्हणाला, "पागोळीकडनं चढत जायचं असतंय.
खालची ओळ बसल्याबिगर वरची ठेवलीस
तर कौल चांगलं असून काय उपयोग?"

कॉन्फिग उघडली.
चार ओळी, एकीखाली एक, नीट.
पण मशीन त्या चारी एकदम सोडतं,
शाळा सुटल्यासारख्या.
वर लिहिलं म्हणजे आधी होणार
असं मी धरून चालले होते.
(पाट्यांवरून भांडणारे तेच धरून चालतात.)

सर्व्हरच्या ओळीत तीन सेकंदांची झोप घातली.
ओबडधोबड उपाय आहे, ठाऊक आहे.
कार्ड आल्यावरच उठ, असं सांगायची
सरळ वाट असते,
पण बाहेर हॉर्न वाजत होता.

पुन्हा सुरू. काळा, करडा, खिडक्या.
एक.
दोन.
शेजारच्या घरात कुणीतरी भांडं ठेवलं.
तीन.

आणि खोलीभर शिवलीला:
"स्वल्प तडी, तम्मा."
थांब जरा, बाळा.
रेकॉर्डिंगच्या आधी पोराला म्हणालेली,
माइक चालू राहिला होता.
मग घसा खाकरणं, मग कौलं,
मग भाव, मग फोन नंबर.

घाईत फाइल दिली. सुरुवात कापायची राहिली,
हे कळलं तेव्हा रिक्षा मलप्रभेच्या पुलावर होती.

संध्याकाळी पैसे द्यायला आला.
मी म्हटलं, चुकलं माझं, उद्या नीट करून देते.
"कशाला?" पिंक टाकून आला, मग म्हणाला,
"त्या पहिल्या बोलालाच लोकं थांबालेत.
तेवढं राहू दे."