रकाना सातवा

पर्वरीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेअकरानंतर
माझी बोटं अमेरिकेत कामाला असतात.
आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे हा,
हातात धरून पळायचा, सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू.
प्रत्येक डावाला बावीस रकाने:
कोण पळाला, कोणी पाडला, किती यार्ड.
सातव्यात एवढंच, हडल: होय की नाही.

होय असलं की बरं वाटायचं.
अकराजण डोक्याला डोकं लावून उभे,
त्यांच्या चाळीस सेकंदांतले वीस तरी माझे.
चहाचा घोट, एक जांभई,
खिडकीतून उड्डाणपुलाच्या अर्धवट खांबांवर एक नजर.

आज निळ्यांनी हडल सोडूनच दिलंय.
माणूस पडला रे पडला की पुन्हा ओळीत,
फेकणारा हात हलवत काहीतरी ओरडतो
आणि सुटला चेंडू.
नाही. नाही. नाही. नाही.
बोटं दोन डाव मागे, आणि तरी मला हसू येतंय,
उतारावर सायकलचे ब्रेक सोडल्यावर यायचं तसं.
पांढऱ्यांचा चौऱ्याण्णव नंबर, दीडशे किलोचा बाप्या,
बाहेर बघतोय. त्याचा बदली रेषेवर,
हेल्मेट चढवून, एक पाय आत, एक बाहेर,
तेवढ्यात पुढचा डाव सुरू.
आठ डावांत ऐंशी यार्ड.
चौऱ्याण्णवला आता ढकलावंही लागत नाही,
म्हापशाच्या बाजारात बैल टेंपोला वाट देतो
तसा तो आपणच सरकतो.

"बघ, काय पळतायत!" मी म्हटलं.
शेजारच्या खुर्चीत क्लिव्हन. कुडतरीचा.
गुडघा जाईपर्यंत गावच्या क्लबाचा स्टॉपर.
"राव मातशें," तो म्हणाला.

मग निळ्यांचे तीन चेंडू ओळीने जमिनीवर.
घड्याळ जेमतेम हललेलं.
कॅमेरा बाकाकडे वळला तेव्हा
निळ्यांच्याच बचावातला एकजण
पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता.
बाटली तशीच कुणाच्या तरी हातात देऊन उठला.
"हाका कोणें विचारलें?" क्लिव्हन म्हणाला,
"फुडले धांवतात, मरतात फाटले."
आणि गुडघा चोळत बसला, सवयीने.

चौथ्या सत्रात पांढऱ्यांचा एकजण
धड चालता चालता बाकाकडे बघतो काय
आणि पोटरी धरून आडवा होतो काय!
सगळं मैदान शिट्ट्या मारतंय.
रकाना अठरावा, दुखापत: होय की नाही.
कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकत राहिला.
मी होय लिहिलं.

त्याच सुमारास शर्वाणीचा मेल:
पुढच्या रविवारपासून माणशी दोन सामने, एकाच वेळी.
टेम्पो वाढवूया, टीम!
खाली एक पिवळा हसरा चेहरा.

आणि लाईट गेली.
जनरेटर आहे, पण तो चालवणारा चंद्रू
खाली गाढ झोपलेला, हाका मारूनही उठेना.
आम्ही सातजण गॅलरीत आलो.
क्लिव्हनने डबा उघडला, थंडगार रस-ऑमलेट, चार पाव.
मोबाईल एकाचाच चार्ज होता,
म्हणून सगळी डोकी एका उजेडावर वाकलेली.
सामन्याचं कोणी काढलं नाही.
कुणीतरी विचारलं, मीठ जास्त झालंय का.
शर्वाणीसुद्धा होती,
डब्याच्या तळाचा रस तिनेच पुसून खाल्ला.

लाईट आली. खुर्च्या सरकल्या.
पडद्यावर चौऱ्याण्णव होता तिथेच,
गुडघ्यांवर हात, तोंड उघडं,
बदली रेषेवर, एक पाय आत.
मी चार डाव मागे होते.
प्ले लगेच दाबलं नाही.