दुसरी काच

ऊमेओ. सकाळचे दहा वाजलेत, तरी खिडकीबाहेर
अजून रात्रीचीच निळाई.
टेबलावर डबी: गुनवर स्टेनमार्क, वय अठ्ठ्याहत्तर,
डावा खुबा, पुन्हा उघडलेला.

सोबत डॉक्टर सिक्स्टेनची चिठ्ठी, नेहमीच्या तिरक्या अक्षरात:
जंतू नाहीत.
पाच नमुने चौदा दिवस ठेवले, एकातही काही उगवलं नाही.
ताप नव्हता. पू नव्हता.
खुंटी मात्र हलत होती,
ओल्या भिंतीतल्या खिळ्यासारखी.

ही बाई टपाल वाटायची.
खुबा बसवल्यावरही आठ वर्षं वाटलं,
उन्हाळ्यात सायकल,
हिवाळ्यात पायानं रेटायची घसरगाडी,
आणि जिथं तीही रुतते तिथं चालत.
प्रत्येक पावलाला गोळा वाटीत फिरला,
वाटीचं प्लास्टिक झिजलं,
चिमूटभरसुद्धा नाही,
चिमटीत येणारच नाही इतकं.

मग भक्षक पेशी आल्या.
त्यांना कसा दोष द्यायचा?
परकं दिसलं, गिळलं.
पचेना. टाकवेना.
पोटात तो कण घेऊन त्यांनी बोंब ठोकली,
आणखी आल्या, त्यांनीही गिळलं, त्यांनीही बोंब ठोकली.
ती ऐकून हाड कोरणाऱ्या आल्या,
एरवी घरच्याच, डागडुजीच्या;
जुनं त्या काढतात, मागून येणाऱ्या नवं भरतात.
या वेळी मागून येणाऱ्या थोड्याच होत्या,
आणि कोरणाऱ्या थांबेनात.

साप साप म्हणून भुई धोपटत राहिल्या
एकवीस वर्षं.
साप नव्हताच.
भुई होती.

काचपट्टी ठेवते. दुसरी काच फिरवते.
सगळं काळं होतं, पेशी, धागे, रक्त,
आणि त्या काळ्यात कण उजळतात,
पांढरे, सुईसारखे, शेकडो,
रस्त्यावरच्या दिव्याखाली भुरभुरणाऱ्या बर्फासारखे.
सुंदर दिसतं हे.
कुणाला सांगत नाही.

परवा तिचा फोन चुकून प्रयोगशाळेत जोडला गेला.
‘माझ्यातून काय निघालं?’
मी म्हणाले, ‘डॉक्टर सांगतील.’
ती थांबली. मागं रेडिओवर हवामान चालू होतं.
‘एवढंच सांग,
मी कमी चालायला हवं होतं का?’

मी काय म्हणाले ते आठवत नाही.
काहीतरी म्हणाले.

नव्या वाटीचं प्लास्टिक कमी झिजतं,
सिक्स्टेन सगळ्यांना सांगतो.
कमी.
हा शब्द तो जरा सावकाश उच्चारतो.

अहवाल लिहिते: जुनाट दाह.
परक्या कणांभोवती भक्षक पेशींची गर्दी.
जंतुसंसर्गाची खूण नाही.
कारणाच्या रकान्यात ‘झीज’.
पुढं दोन बोटं जागा उरते.
‘टपाल’ मावलं असतं.