मनगटावर पाणी

पहाटे सहाला पोस्टातून फोन:
तुमचं खोकं ओरडतंय, लवकर घेऊन जा.
एप्रिल संपत आलेला, तरी विरोक्वात
रस्त्याच्या कडेला मळका बर्फ.
पंचवीस मागवली होती, सव्वीस निघाली.
एक वरकड,
वाटेत कोणी दगावेल या हिशोबानं टाकलेलं.

तिसऱ्या दिवशी नेमकं त्याचंच मागचं दार बंद.
शी वाळून सिमेंट झालेली,
पोट टम्म, पंख ढिले,
डोळ्यांवर पापणी अर्धी.

शेजारच्या आर्लिस टॉलेफसन आल्या, वय ब्याऐंशी,
चिखलाच्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात.
ओढायचं नाही, म्हणाल्या, भिजवायचं.
आणि ही बघ बेंबी. खपली समजून हिला उपटलीस
तर आतडं हातात येईल.

रात्री दीड वाजता सिंकपाशी उभा राहिलो.
पाणी आधी मनगटावर घेतलं.
हे कुठं शिकलो?
कुणाला तरी करताना पाहिलं असणार.
तळहातात चाळीस ग्रॅम जीव,
त्याचं काळीज माझ्या अंगठ्याला टोचत होतं.
एक बोळा, दुसरा बोळा,
पाणी निवलं, पुन्हा गरम केलं.
कितव्या तरी बोळ्याला ते कवच सुटलं
आणि मागोमाग पिवळी पिचकारी,
थेट घड्याळाच्या काचेवर.
मी एकटाच हसलो, चांगला मोठ्यानं.

शार्दूल तान्हा असताना रात्री कळवळला
की मी कूस बदलायचो.
सकाळी डेअरीच्या प्रयोगशाळेत
लोकांच्या दुधातले जंतू मोजायचे असत.
बेंबीभोवती हिंग वासंती लावायची,
लंगोट वासंती बदलायची.
मी अंधारातून विचारायचो, झोपला का?

सकाळी दिवा वीतभर वर टांगला.
दाटी केली की समजावं गारठलीत,
भिंतीला चिकटली की उकडतंय;
आता ती सांडलेल्या ज्वारीसारखी कुठंही पडलीत.
पाण्यात नखभर दही ढवळलं,
रव्याएवढी वाळू ताटलीत ठेवली.
वरकड त्या वाळूत उभं राहून शिटलं.
छान, म्हटलं. शाबास.

रविवारी टकोमाहून शार्दूल:
बाबा, आईला द्या जरा,
छकुलीला परवापासून झालीच नाही.
देतो, म्हटलं.
पण आधी सांग,
पोट टणक लागतंय की मऊ?
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला, थांबा,
बघतो.