छत्तिसाव्यानंतर

नदीवर अजून धुकं आहे
आणि मासळीबाजाराच्या मागच्या कठड्याला टेकून
मी कॅमेऱ्याचा पट्टा मानेत अडकवतेय.
नवा, करकरीत, भरल्या पिशवीसारखा काचणारा.
त्रेसष्टाव्या वर्षी.
दुकानातल्या पोरानं दीड तास समजावलं,
मी मान डोलावली
आणि घरी येऊन ती जाडजूड पुस्तिका
टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवली.

पहिला फोटो समुद्रसिंहाचा.
वाल्दिव्हियातला सगळ्यात आळशी नागरिक,
फळीवर पोट पसरून
एलेउतेरिओच्या सुरीकडे डोळे लावून बसलेला.
सुरी चालते, माशाचं डोकं सुटतं, जबडा उघडतो,
खटक्.

आणि माझा उजवा अंगठा आपणहून उठला,
बाहेरच्या बाजूला सरकला,
हवेतच काहीतरी ओढलं त्यानं.
तिथे दांडी नव्हती.
पुढे सरकवायला फिल्मच नव्हती.
बावीस वर्षं झाली,
अंगठ्याला कुणी कळवलंच नाही.

"काय गं ओतिलिया, हात आखडला?"
यास्ना विचारते, शिंपले फोडता फोडता.
नाही गं, म्हटलं, जुना गडी आहे,
मालक बदलल्याचं त्याला ठाऊक नाही.

तेव्हा रोल बसनं तेमुकोला जायचा.
आठ दिवसांनी पाकीट यायचं,
ते मी रस्त्यात कधी उघडायची नाही.
हात धुवून, चुलीत लाकूड सारून, मग.
आता शटरचा आवाज विरायच्या आत
फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवर उगवतो
आणि यास्ना ओल्या हातांनी वाकून बघते.
"ई, डोळे मिटलेत माझे. पुसून टाक!"

बटण आहे त्याला.
कचऱ्याच्या डब्याचं इवलंसं चित्र.

आईच्या औषधांसाठी जुना कॅमेरा विकला
असं मी सगळ्यांना सांगते.
औषधांना पैसे पुरत होते.

फेर्मिन दक्षिणेला निघाला होता, पुन्ता अरेनासला,
बसस्टँडवर त्याची कापडी बॅग, दोरीनं बांधलेली.
वडिलांची होडी कुणाची, यावरून
आमचा छत्तीसचा आकडा,
एकाच बाकावर दोन टोकांना पाठ करून बसलेले.
तरी मी कॅमेरा उचलला.
एकच फोटो उरला होता रोलात.
त्यानं नेमकी तेव्हाच पापणी मिटली.
"परत काढ," म्हणाला.
"रोल संपला," मी म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
दांडी खरंच अडली होती, ओढून बघितली मी.
पण कसं म्हणाले, ते माझं मला माहीत आहे.
पुढच्या हिवाळ्यात बर्फावरून त्याचा ट्रक घसरला.

छत्तिसावा. डोळे मिटलेला.
घरात भिंतीवर तोच आहे.
पाहुणे विचारतात, झोपलाय का हा?
उभ्या उभ्या? कोटाची बटणं लावून?

हे बटण तेव्हा असतं
तर मी त्याला बसस्टँडवरच पुसला असता
आणि उघड्या डोळ्यांचा दुसरा काढला असता.
किंवा काढला नसता.
रागात होते मी.
ओढायला दांडी नसती, अडायला काही नसतं,
मग कुठली सबब दिली असती कोण जाणे.

यास्नाचा फोटो ठेवलाय.
तिला सांगितलं, पुसला.

धुकं निवळलं. होड्यांचे रंग वर आले.
मी मोजत नव्हते,
पण छत्तिसाव्याला बोट आपोआप थांबलं.
काचेच्या कोपऱ्यात आकडा: अजून बाराशे चाळीस उरलेत.
बाराशे चाळीस!
एवढ्यांचं काय करतात माणसं?

समोर एलेउतेरिओनं मेर्लुसाचं डोकं कापलं,
हात मागे नेला, फळीवरचा तो आळशी उठून बसला
आणि मी दाबलं.

सदतिसावा हलला.
म्हातारा त्यात नाहीच, नुसती त्याची बाही,
समुद्रसिंहाच्या मिशा एका कडेला,
आणि मधोमध हवेत माशाचं डोकं,
डोळा टक्क उघडा,
अजून कुठेच न पोचलेलं.