तोलणार

आमच्याकडं भाव तोंडानं ठरत नाही.
रुमालाखाली दोन हात जातात,
बोटांना बोटं दाबतात,
आणि दोन्ही चेहरे तेवढा वेळ
समोरच्या ट्रकवरचं नाव वाचत राहतात.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात
एकतीस वर्षं मी तोलणार.
काटा खोटं बोलत नाही म्हणतात.
काट्याकडं बघणारा काय काय बोलतो
ते मला विचारा.

डुंबरेशेठ पहाटे एकदाच आकडा सोडतात : बावीस.
मग माल ओला निघो, दुभाळका निघो,
सगळी भांडणं बाविसाभोवतीच फिरतात
दावणीच्या म्हशीसारखी.
खुंटा कुणी ठोकला, कुणी विचारत नाही.

जालिंदर शेलार दिवाळीचे बाराशे विसरला.
गोणीमागं कापलेले चार आणे मात्र
त्याला अजून रात्री उठवतात.
गेलेल्या पैशाला दात असतात, म्हणतो.

आणि लालजीभाईंच्या गाळ्यात कांद्याला कोंब आले,
वास जिन्यापर्यंत आला, तरी ते विकेनात.
विकला की तोटा खरा होतो ना!

मी हसायचो या सगळ्यांना.
मी तोलणारा; माल थोडाच होतो.

निवडणुकीच्या आठ दिवस आधी
कोपरखैरण्याला आमच्या वसाहतीत कुकर आले,
तीन लिटरचे, झाकणावर नाव.
बायको म्हणाली, घेऊ की. मत आपलं आपल्याकडं.
पण रोजचा भात त्यातच शिजला.
तांदूळ आमचा, मीठ आमचं,
तरी कुणाच्या तरी मिठाला जागायचंय
असं घासाघासाला वाटत राहिलं.

मत द्यायचं होतं प्रमिला कोटकरांना.
शाळेसमोरच्या उघड्या गटारावर झाकण बसावं म्हणून
बाई पावणेदोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढली.
रांगेत पुढचा म्हणाला,
"बाई चांगली. पण येत नाही.
मत कशाला वाया घालवायचं?"
मी मान हलवली.
आणि मागच्याला तेच सांगितलं,
माझंच असल्यासारखं.

आत पुठ्ठ्याचा आडोसा.
म्हणजे रुमालच.
बोट एका बटणावर नेलं होतं,
दाबलं दुसरं.
लांबलचक शिट्टी वाजली. कुकरची नव्हे.

बाई पडल्या. एकोणचाळीस मतांनी.
आमच्या एका रांगेत माना हलवणारे
मी सतरा मोजले होते.
मोजायची सवय, दुसरं काय.

परवा बसस्टॉपवर भेटल्या, हातात पिशवी,
बोटावरची शाई अजून नखाच्या टोकाला.
"काय तोलणार, कांदा काय भावानं?"

मी सांगितला.
सांगताना
येणाऱ्या बसवरची पाटी वाचत होतो.