कूळ

बाझिल क्रियाडोचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे पहिल्यांदा आला
तेव्हा त्यात फ्यूजच्या जागी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती.
किती दिवस चालला असा?
"तीन लग्नं, एक बाप्तिस्मा."

लॅमिंग्टन रोडला माझं टेबल जिन्याखाली.
स्टुलावर बसून तो वाट बघायचा
आणि अमेरिकेतल्या लांब रस्त्यांची गाणी
नाकातून, ओठ फारसे न हलवता म्हणायचा.
खाणी, मालगाड्या, व्हिस्की,
घोडा विकून परत न आलेला कुणी भाऊ.
घोडा त्याने चौपाटीवर पाहिलेला.
पासपोर्ट नव्हता.
दिवसा विमानतळावर लोडर,
त्याच देशाचे पत्ते डकवलेल्या पेट्या
उचलून पट्ट्यावर टाकायचा.

शनिवारी टाय लावून हॉल.
चौथ्या गाण्यानंतर हळूच
स्वतःचं एक सरकवायचा,
दुधात पाणी घालावं तसं.
जोडपी खुर्च्यांकडे परतायची,
नवरीचा काका हवेत बोट फिरवायचा: पुढचं, पुढचं.

एकदा कुलाब्याच्या हॉटेलात
तिकडच्याच कुठल्या खाणीच्या गावचा म्हातारा
शेवटपर्यंत ऐकत बसला.
मग विचारलं, तुझ्या बापाने काय केलं आयुष्यभर?
भात लावला.
कुठे?
आता तुमचं विमान उतरतं तिथे.

म्हातारा हसला नाही. बिल देऊन गेला.
बाझिल सहा महिने माझ्याकडे फिरकला नाही.

आला तो कॅसेट काढायची म्हणून.
प्रॉव्हिडंट फंडातून उचल,
फिलूच्या दोन बांगड्या,
माझे उसने माइक.
सहार गावठाणात त्यांची मागची खोली,
खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद,
कोंबड्या टोपलीखाली.
नऊ गाणी. चाल तीच, लांब रस्त्यांची,
शब्द मात्र आईशी बोलायचा ते:
बांध, खाजण, मोजणीदाराची साखळी,
भरपाईच्या कागदावर
बापाने सहीऐवजी काढलेला क्रूस.

आणि दर गाण्यात विमान.
मी हात वर करायचो. पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा विमान.
पहाटे तीनला त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली.
"ऱ्हाऊ दे ते. कूळ हाय आमचं.
बापाच्या जमिनीवर नांगर धरतंय इतकी वर्षं,
आता कसं काढू बाहेर?"

तीनशे काढल्या, एकशे बारा खपल्या.
त्यांतल्या चाळीस फिलूने चर्चच्या जत्रेत
बॉटल मसाल्याबरोबर फुकट दिल्या.
रेडिओ केंद्रावर बाईंनी विचारलं,
हे मराठीत धरायचं की पाश्चात्यात?
बाझिलला सांगता आलं नाही.
बाईंनी चहा मात्र पाजला.
उरलेल्या पलंगाखाली गेल्या,
त्यांच्यावर तांदळाची पोती.

पुढे पाठ गेली, पेट्यांनी. मग बोटं.
हॉलमध्ये कीबोर्डवाले आले.
तो मयतांना वाजवायचा, पैसे न घेता,
दोनच तारा धरून.
त्याच्या स्वतःच्या मयताला वाजवायला कुणी नव्हतं.
कबरीवर विमान आलं
आणि पाद्री प्रार्थनेच्या मध्येच थांबला,
त्या गावात सगळेच थांबतात तसा,
आवाज जाईपर्यंत, नकळत.

परवा त्याची जसिंटा शेवटची कॅसेट घेऊन आली.
बुरशी धरलेली. मी स्पिरिटने पुसली,
पेन्सिलीने फिरवली, एके ठिकाणी सांधली.
मोबाइलमध्ये पाहिजे, म्हणाली.
"अंकल, विमानाचा आवाज काढता येतो ना आता?"
येतो. एक बटण आहे.
चष्मा सापडत नाही म्हणालो.

नववं गाणं संपलं, तरी फीत फिरतच राहिली.
मशीन बंद करायला विसरलो असणार त्या रात्री.
खुर्ची सरकते, कोंबडी कुठेतरी कुरकुरते.
"झालं?" तो विचारतो.
आणि सव्वीस वर्षांचा मी, वैतागलेला:
थांब रे. विमान जाऊ दे.